जमीन किंग्स्टन पेनिन्सुलावर आणि कागदावर पॅरिश वेस्टफील्ड, हे चुकलंय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात, सेंट जॉन शहराजवळ, किंग्स्टन पेनिन्सुला म्हणून भाग आहे. तिथं कार्टर्स पॉइंटच्या बाजूला दीड एकराचा प्लॉट बघितलाय. एजंट सारखा 'किंग्स्टन, किंग्स्टन' करतोय पण कागदावर लिहिलंय पॅरिश वेस्टफील्ड, काउंटी किंग्स, आणि वेस्टफील्ड गाव तर नदीच्या पलीकडं आहे, फेरीत (म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत) गाडी घालून जावं लागतं. मग कागद चुकलाय का, एजंट गंडवतोय का, आणि पॅरिश म्हणजे चर्चची जमीन तर नाही ना?

तिन्हीचं उत्तर नाही. कागद बरोबर आहे, एजंटही बरोबर आहे (ह्या एका बाबतीत तरी), आणि चर्चचा काही संबंध नाही. पण हे असं का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल. मी ह्या प्रांतात सतरा वर्षं मोजणीच्या कामात आहे, पहिली पाच-सहा वर्षं रानात खांब धरून उभा आणि नंतर ऑफिसात जुनी खरेदीखतं वाचत, आणि हा गोंधळ नवीन आलेल्या प्रत्येक माणसाचा होतो, माझाही झालेला.

आधी पॅरिश म्हणजे काय ते. आपल्याकडं खरेदीखतात 'मौजे अमुक, तालुका तमुक, जिल्हा ढमुक' असं लिहितात ना, त्यातला मौजे म्हणजे पॅरिश असं सध्या धरून चाला, आणि काउंटी म्हणजे जिल्हा. फरक एवढाच की आपल्या मौजेला तलाठी असतो, ग्रामपंचायत असते, चावडी असते. इथल्या पॅरिशला आज काहीच नाही. ऑफिस नाही, शिक्का नाही, सरपंच नाही, घरपट्टी पॅरिशच्या नावानं येत नाही. फक्त कायद्यातली एक हद्द आणि नकाशावरची एक रेघ. प्रांतात अशा दीडशेच्या वर पॅरिश आहेत आणि त्यांच्या चतुःसीमा एका कायद्यात ओळीनं लिहून ठेवल्यात, त्याचं नाव टेरिटोरियल डिव्हिजन ॲक्ट.

नाव चर्चचं का, तर इंग्लंडमध्ये गावगाड्याचं काम पॅरिश करायची म्हणून. न्यू ब्रन्सविक १७८४ साली नोव्हा स्कोशियातून वेगळा काढला. कारण अमेरिकन क्रांतीत राजाच्या बाजूनं राहिलेले लोक, ज्यांना लॉयलिस्ट म्हणतात, ते हरल्यावर १७८३ मध्ये जहाजं भरभरून इथं आले, सुमारे चौदा हजार माणसं, आणि त्यांना स्वतःचं सरकार हवं होतं. १७८५ ला आठ काउंट्या पाडल्या आणि १७८६ च्या कायद्यानं त्या काउंट्यांच्या पॅरिश पाडल्या. किंग्स काउंटीच्या वाट्याला चार आल्या: किंग्स्टन, वेस्टफील्ड, ससेक्स आणि स्प्रिंगफील्ड. अख्ख्या जिल्ह्याची चार मौजे म्हणा ना. तुमच्या कागदावरचं वेस्टफील्ड हे त्या पहिल्या चारातलं आहे, म्हणजे हे नाव कुणी काल-परवा टाइप केलेलं नाहीये, सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे.

आणि तेव्हा पॅरिशला खरंच काम होतं. दरवर्षी माणसं नेमायचे: रस्त्याची देखरेख करणारा, कॉन्स्टेबल, कुंपण बघणारे (दोन शेजाऱ्यांची बांधावरून जुंपली की हे जाऊन निकाल द्यायचे), मोकाट डुकरांवर लक्ष ठेवणारा आणि कोंडवाड्याचा राखणदार. कोंडवाडा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, अगदी आपल्यासारखाच, जनावर दुसऱ्याच्या पिकात गेलं की आत आणि दंड भरला की बाहेर. ह्या सगळ्यात सगळ्यात खर्चिक प्रकरण म्हणजे गरीब. निराधार माणूस, म्हातारी विधवा, अपंग, ह्यांना पोसायची जबाबदारी ज्या त्या पॅरिशची, आणि ती कशी भागवायची तर चक्क लिलाव करायचे, पण उलटा. जो सगळ्यात कमी पैशात वर्षभर सांभाळीन म्हणेल त्याच्या घरी त्या माणसाला पाठवायचं. किंग्स काउंटीत हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चाललं. ऐकायला वाईट वाटतं आणि आहेच वाईट, पण पॅरिशची हद्द नेमकी कुठं हा प्रश्न लोक एवढा धरून का बसायचे ते ह्यावरून कळतं. म्हातारी रेघेच्या अलीकडं राहते का पलीकडं, ह्यावर तिच्या भाकरीचे पैसे कोणी द्यायचे ते ठरायचं.

आता मुख्य मुद्दा, नदी.

नकाशा उघडून समोर ठेवा. पेनिन्सुला म्हणजे तिन्ही बाजूंनी पाणी. पश्चिमेला सेंट जॉन नदी, जिला इथले मूळ लोक वोलास्तोक म्हणतात, उत्तरेच्या अंगाला बेलआइल बे, आणि दक्षिण-पूर्वेला केनेबेकॅसिस नदी. बे म्हणतात म्हणून समुद्र समजू नका, बेलआइल म्हणजे नदीचाच आत घुसलेला रुंद फाटा आहे. जमीन सलग जोडलेली फक्त ईशान्येला, हॅम्प्टन, नॉर्टन, स्प्रिंगफील्डच्या दिशेनं. आपण आजच्या डोक्यानं बघितलं तर वाटतं की ह्याच्याइतकी सोपी हद्द कुठली, तिन्ही बाजूंनी पाणी आहे, सगळ्या पेनिन्सुलाची एक पॅरिश करून टाका. पण तसं नाही केलेलं. किंग्स्टन पॅरिश पेनिन्सुलाच्या मोठ्या भागावर आहे, पण खालचं शेपूट, म्हणजे कार्टर्स पॉइंट, समरव्हिल, बेजवॉटर हा सगळा दक्षिणेचा तुकडा, तो वेस्टफील्डमध्ये जातो. वेस्टफील्ड पॅरिश सेंट जॉन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली आहे, आणि अगदी २०२२ पर्यंत ह्या तुकड्याला सरकारी यादीत 'वेस्टफील्ड ईस्ट' असंच नाव होतं.

हे वेडेपणाचं वाटतं कारण आपण नदीला भिंत समजतो. १७८६ ला नदी हा रस्ता होता. दुसरा रस्ताच नव्हता हो. मागं घनदाट जंगल, दलदल, आणि समोर रुंद संथ पाणी, उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात गोठल्यावर घसरगाडी. समोरच्या काठावरचा शेजारी तुमच्या पाठीमागच्या डोंगरापलीकडच्या माणसापेक्षा कितीतरी जवळचा. म्हणून जमिनीचे तुकडेही तसेच पाडले, नदीवर तोंड आणि मागं लांबच लांब पट्टा, प्रत्येकाला पाण्याचा काठ मिळाला पाहिजे. म्हणजे पॅरिश ही एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंची वस्ती होती आणि तो रस्ता पाण्याचा होता, एवढं एकदा डोक्यात बसलं की ह्या नदीकाठच्या जुन्या हद्दी वाचायला लागतात. मला हे कळायला चार वर्षं लागली आणि ते कुठल्या पुस्तकातून नाही कळलं. जानेवारीत एकदा काठावर काम करताना समोरच्या काठावरून एक म्हातारे गृहस्थ स्नोमोबिल घेऊन बर्फावरून सरळ आमच्याकडं आले, काय मोजताय विचारलं, थर्मासमधली कॉफी दिली आणि पाच मिनिटांत परत गेले. आम्हाला गाडीनं तिथं पोचायला पाऊण तास लागला असता.

आता रस्ते झाले, गाड्या आल्या, तशी नदी पुन्हा भिंत झाली. त्या भिंतीत दारं म्हणजे फेऱ्या. तुम्ही ज्या फेरीनं गेलात ती बहुतेक वेस्टफील्ड ते हार्डिंग्स पॉइंट असणार. ह्या केबल फेऱ्या आहेत, नदीच्या तळातून पोलादी दोर टाकलेला असतो आणि फेरी त्याला धरून स्वतःला ओढत जाते, ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्याच पेनिन्सुलावरच्या विल्यम पिट नावाच्या माणसानं गोंडोला पॉइंटच्या घाटावर चालवून दाखवली. तिकीट नाही, फुकट.

मग चारच्या एवढ्या पॅरिश कशा झाल्या? वस्ती वाढली की मोठ्या पॅरिशच्या पोटातून नवीन काढायचे, आपल्याकडं तालुक्याचं विभाजन होतं तसंच. १७९५ ला ग्रीनिच, हॅम्प्टन आणि नॉर्टन निघाल्या. मग बराच काळ शांतता, १८३५ ला अपहॅम, १८४० ला स्टडहोम, १८५८ ला हॅवलॉक आणि हॅमंड, १८५९ ला कार्स, १८७० ला रॉथसे, १८७४ ला कार्डवेल आणि वॉटरफर्ड. नावांवरून त्या वर्षीच्या पेपरात काय छापून येत होतं ते कळतं. कार्स हे तुर्कस्तानातलं गाव, क्रिमियन युद्धात १८५५ ला त्याला वेढा पडला होता आणि ते लढवणारा जनरल विल्यम्स नोव्हा स्कोशियाचा. रॉथसे हा इंग्लंडच्या युवराजाचा स्कॉटिश किताब, तो १८६० ला इथून जाऊन गेला होता. आणि हॅवलॉक म्हणजे तोच, कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी लढलेला आणि १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौला मेलेला. तो मेला आणि पुढच्याच वर्षी कॅनडाच्या जंगलात एका पॅरिशला त्याचं नाव. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ ला बदलून स्वराज द्वीप झालं, इथलं मात्र तसंच आहे. मी पहिल्यांदा त्या पॅरिशचा कागद हातात घेतला तेव्हा काही क्षण नुसता बघत बसलो होतो, कुठं बिठूर आणि कुठं हे.

हद्दी लिहिल्या कशा, ह्यात मात्र खरी मजा आहे आणि खरा त्रासही. कायद्यातली चतुःसीमा साधारण अशी वाचायची: अमुक माणसाला दिलेल्या अमुक नंबरच्या लॉटच्या (म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या) ईशान्य कोपऱ्यापासून सुरू, तिथून उत्तर इतके अंश पश्चिम, 'अमुक सालच्या चुंबकाप्रमाणे', इतक्या साखळ्या, तिथून खाडीपर्यंत. ह्यात तीन गोष्टी अडकलेल्या आहेत. तो लॉट दोनशे वर्षांपूर्वी ज्याला दिला त्याचं नाव हद्दीत कायमचं गोठलं, माणूस गेला, त्याची नातवंडं पार अमेरिकेत गेली, पण पॅरिश अजून त्याच्या कोपऱ्यापासून सुरू होते. दुसरी गोष्ट साखळी. ही ६६ फुटांची गंटर साखळी. आता आपला गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे बाजू बरोबर अर्धी साखळी. एका चौरस साखळीत चार गुंठे, दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. ब्रिटिशांनी तिकडं आणि इकडं एकाच मापानं मोजलं, म्हणून मराठी माणसाला इथले जुने कागद कॅनेडियन पोरांपेक्षा लवकर कळतात, माझा अनुभव आहे. तुमचा दीड एकर म्हणजे साठ गुंठे, पंधरा चौरस साखळ्या.

तिसरी गोष्ट चुंबक. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला बघत नाही, इथं ती पश्चिमेकडं बरीच झुकते आणि किती झुकते ते वर्षागणिक बदलत राहतं. म्हणून कागदावर साल लिहिलेलं असतं. १८२० ची दिशा आजच्या होकायंत्रानं लावली तर रेघ दुसरीकडंच जाणार. एका अंशाची चूक म्हणजे एक मैल गेल्यावर ९२ फुटांचा फरक. मी नवीन होतो तेव्हा हा घोळ केलाय. जुन्या कागदावरची दिशा घेतली, आजचा झुकाव लावला आणि वीस साखळ्या रेघ मारत गेलो, झाडांना रिबिनी बांधत, मोठ्या ऐटीत. शेवटाला पोचलो तर काहीच नाही, नुसती ओली जमीन आणि डास. आमचा पार्टी चीफ, म्हणजे मोजणीच्या तुकडीचा प्रमुख, इथलाच जुना माणूस, काही बोलला नाही, डावीकडं आत चालत गेला आणि सत्तरेक फुटांवर शेवाळानं झाकलेला दगडांचा ढीग दाखवला, त्याच्या शेजारी एक सीडरचा खुंट, वरनं कुजलेला पण बुडाशी चौकोनी तासलेला अजून कळत होता. म्हणाला, कागद खोटं बोलत नाही पण तू त्याला चुकीच्या सालात प्रश्न विचारलास. तीन अंश चुकले होते माझे. त्या दिवशीच्या सगळ्या रिबिनी मी स्वतः सोडल्या.

एक नियम तेव्हापासून पक्का: नदी, ओढा, मूळ दगड, मूळ खुंट हे जर जागेवर सापडले तर कागदावरचे आकडे त्यांच्यापुढं नमतात. उलटं नाही. जुना बांध आधी, फूटपट्टी नंतर.

किंग्स्टनचं काय झालं ते पण सांगतो, कारण एजंट ज्या नावावर एवढा भाव खातोय ते एकेकाळी खरंच मोठं होतं. किंग्स काउंटीचं मुख्य ठाणं किंग्स्टन गावातच होतं, कोर्ट, तुरुंग सगळं. १७८९ चं ट्रिनिटी चर्च तिथं आजही उभं आहे, लाकडी, साधं, बघण्यासारखं. तुरुंग १८१४ ला गाजला, हेन्री मोर स्मिथ नावाचा घोडेचोर तिथं होता, त्याला शेरीफ वॉल्टर बेट्सनं साखळदंड घातले की तो ते तोडायचा, परत घातले की परत तोडायचा, आणि मग कोठडीत बसून गवताच्या बाहुल्या बनवून नाचवायला लागला, लोक लांबून बघायला यायचे. पण १८६० ला सेंट जॉन ते शेडिअॅक रेल्वे पुरी झाली, आणि ती केनेबेकॅसिसच्या पलीकडच्या काठानं गेली, रॉथसे, हॅम्प्टन, नॉर्टन, ससेक्स करत. पेनिन्सुला बाजूला पडला. १८७१ ला मुख्य ठाणं हॅम्प्टनला हललं आणि किंग्स्टन एक निवांत खेडं झालं. ज्या नदीनं मोठं केलं तिच्यापेक्षा रूळ वरचढ ठरले. तुम्ही शांततेसाठी जागा घेताय ना, ती शांतता रेल्वेच्या कृपेनं आहे.

पॅरिशचे अधिकार कुठं गेले? १८७७ पासून काउंटी कौन्सिल आल्या, पॅरिशमधून सभासद निवडून जायचे. मग लुई रॉबिशो मुख्यमंत्री असताना सगळी व्यवस्था मोडून नवीन केली, कारण गरीब काउंटीतल्या पोरांच्या शाळा गरीब आणि श्रीमंत काउंटीतल्या श्रीमंत असं चाललं होतं. १ जानेवारी १९६७ पासून काउंटी कौन्सिल बंद, शाळा-दवाखाने प्रांताकडं. खेड्यांना लोकल सर्व्हिस डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक सोयींपुरते विभाग, मिळाले, बरेचसे जुन्या पॅरिशच्याच हद्दीवर आखलेले. ते १ जानेवारी २०२३ ला गेले, त्यांच्या जागी काही भाग नगरपालिकांत घातले आणि उरलेल्याचे बारा रूरल डिस्ट्रिक्ट, म्हणजे ग्रामीण विभाग, केले. मला विचाराल तर हे करायलाच हवं होतं, पण लोकांच्या डोक्यात आता तीन-तीन नकाशे एकावर एक बसलेत, त्यात पोस्टाचा पत्ता चौथा, आणि तुमच्यासारखा नवा माणूस त्याखाली चेंगरतो. ह्या सगळ्या उलथापालथीत पॅरिशच्या रेघा मात्र जागच्या हलल्या नाहीत, म्हणून खरेदीखतात अजून त्याच.

कुणी पूर्वजांचा शोध घेत असेल, म्हणजे लग्न करून इथल्या घरात आलेलं कुणी सासरचं कुळ शोधत असेल, तर दोन खड्डे आहेत. एक, माणूस घर न सोडता पॅरिश बदलतो. १८५१ च्या जनगणनेत कार्स शोधाल तर मिळणार नाही, ती तेव्हा जन्मलीच नव्हती. वॉटरफर्ड १८७१ ला नाही आणि १८८१ ला आहे, तिथली माणसं कुठून आकाशातून नाही पडली. दुसरा खड्डा, जुन्या पत्रात नुसतं 'किंग्स्टन' लिहिलं असेल तर ते हेच असं धरू नका. वर केंट काउंटीत एक किंग्स्टन होतं, नंतर त्याचं नाव रेक्स्टन झालं, ब्रिटनचे पंतप्रधान बोनर लॉ तिथले. आणि ऑन्टॅरिओतलं मोठं किंग्स्टन तर आहेच.

तुमच्या प्लॉटचं म्हणाल तर पॅरिशच्या नावाची काळजी सोडा आणि ह्या गोष्टी बघा. प्रत्येक तुकड्याला पीआयडी नंबर असतो, आपला गट नंबर समजा, तो कागदावरचा आणि नकाशावरचा एकच आहे ना. नोंदणीकृत मोजणीचा नकाशा आहे का, कधीचा आहे, आणि कोपऱ्यांवर लोखंडी खुणा जागेवर सापडतात का, स्वतः चालत जाऊन हात लावून बघा, फोटोवर जाऊ नका. रस्त्यापर्यंत जायचा हक्क कागदावर आहे का, का शेजाऱ्याच्या भलेपणावर चाललंय. घर बांधायच्या परवानगीला आधी रीजनल सर्व्हिस कमिशनला, म्हणजे त्या भागाच्या सेवा कार्यालयाला, फोन करा, तिथं पॅरिश नाही विचारणार, पीआयडी विचारतील. विहीर आणि सेप्टिक स्वतःचं करावं लागेल, त्याचा खर्च जमिनीच्या किमतीत धरलेला नसतो.

आणि पूर. प्रांताच्या जिओएनबी वेबसाइटवर पुराचे नकाशे फुकट बघायला मिळतात, प्लॉट काठाला असेल तर २०१८ आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते बघा, आणि शेजाऱ्यांनाही विचारा, ते झाडावरची खूण दाखवतील. शक्य असेल तर सही करायच्या आधी एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला जाऊन या, वरचा बर्फ वितळून नदी फुगलेली असते. तेव्हा केबल फेऱ्या बंद पडतात आणि सेंट जॉनला जायचं तर सगळा पेनिन्सुला उलटा चढून हॅम्प्टनवरून फिरून यावं लागतं. त्या दिवशी घड्याळ लावून गाडी चालवा, मग ठरवा.